रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग छातीत धडधडतं का?

तुम्ही लिहिलंय की वय २४, ईसीजी आणि टूडी इको दोन्ही नॉर्मल, तरी रात्री छातीत धडधडतं, ठोका चुकतो आणि घरचे म्हणतात, 'टेन्शन घेतोस.' मी डॉक्टर नाही. पण तुमच्याच वयात या धडधडीने माझं एक अख्खं वर्ष खाल्लंय, म्हणून लिहितो.

तेव्हा मी नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत नाईट शिफ्टला होतो, सिडकोत खोली. पहाटे येऊन डाव्या कुशीवर पडलो होतो. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं छातीत झालं. मग धप्पकन एक मोठा ठोका. उठून बसलो, नाडी बघितली, आणि बघितल्यावर ती जी पळायला लागली ती थांबेचना. रूम पार्टनरने गाडीवर घालून दवाखान्यात नेलं. तिथे पोहोचेपर्यंत सगळं शांत. ईसीजी नॉर्मल. तिथल्या ज्युनिअर डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच खोटं बोलतोय असं मला वाटायला लागलं.

नंतर कळलं की आपण काढतो तो साधा ईसीजी म्हणजे जेमतेम १० सेकंदांची नोंद. तेवढ्यात चोर सापडला तर सापडला. इकोमध्ये हृदयाची रचना आणि पंपिंग कळतं. रात्री दोन वाजता ठोका कसा पडला होता ते त्यातून कळत नाही. म्हणून 'नॉर्मल' हा शब्द ऐकून चिडू नका. हृदयाची बांधणी ठीक आहे ही मोठी गोष्ट आहे, आणि धडधडही खरी आहे.

गंगापूर रोडच्या एका कार्डिओलॉजिस्टनी होल्टर लावायला सांगितलं. छातीवर स्टिकर, त्यांच्या वायरी आणि कमरेला ठोक्यांची सलग नोंद ठेवणारं छोटं यंत्र, २४ तास. आंघोळ नाही. सोबत एक कागद: काही जाणवलं की वेळ आणि त्या वेळी काय करत होतो ते लिहायचं. मी प्रामाणिकपणे १४ नोंदी केल्या. शर्टाखाली वायरी घेऊन सिटीलिंकच्या बसमध्ये बसलो तेव्हा शेजारचे काका कमरेकडे बघून जरा सरकूनच बसले.

रिपोर्टने मला गप्प केलं. दिवसभराच्या साधारण लाखभर ठोक्यांत ३०० च्या आसपास जादा ठोके होते, आणि त्यातले बहुतेक मला कळलेही नव्हते. उलट मी 'खूप जोरात धडधड' लिहिलं होतं त्यातल्या निम्म्या वेळा नुसती नाडी वाढलेली, ताल अगदी सरळ. म्हणजे घाबरल्याने पळालेलं हृदय. डॉक्टरांनी समजावलं: जादा ठोका वेळेआधी पडतो, मग क्षणभर थांबा येतो, त्यात हृदय जास्त भरतं, आणि पुढचा ठोका जोरात बसतो. आपल्याला कळतो तो हा जोराचा. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला टेकतं, म्हणून तिथे जास्त जाणवतं.

बदललं काय? रात्रपाळीतले पाच-सहा कप चहा दोनवर आणले. सर्दीची गोळी स्वतःच्या मनाने घेणं बंद केलं. नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांनी नाडी वाढू शकते, हे मला माहीतच नव्हतं. रात्री उशिरा भरपेट जेवणं सोडलं. ('गॅस आहे रे' म्हणणारा मामा अगदीच चूक नव्हता. आईने मीठ-मोहरीने दृष्ट काढली, तिचं श्रेय तिला.) पण सगळ्यात जास्त फरक पडला तो मनगटावरचं स्मार्टवॉच काढून ठेवल्याने. दर पाच मिनिटांनी आकडा बघायचो, आणि बघितलं की तो वाढायचा. पहिले आठ दिवस हात रिकामा रिकामा वाटला. मग कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालायला लागलो, आधी डॉक्टरांना विचारून.

हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची टीएसएच या रक्ताच्या तपासण्या झाल्या नसतील तर आधी त्या करा. दोन्हींच्या गडबडीने धडधडतं आणि दोन्हींवर उपचार आहेत. दम्याचा पंप किंवा दुसरं काही औषध चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणि माझं सगळं वाचून निर्धास्त होऊ नका. धडधडीसोबत चक्कर येऊन पडलात, पळताना किंवा व्यायाम करताना डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत दुखलं, धाप लागली, तर वाट बघायची नाही, १०८ लावायचा. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात राहिलीय. धडधड हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते, की बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होऊन एकदम थांबते? एकदम सुरू होऊन नाडी १५० च्या वर जात असेल, तर ते हृदयातल्या विजेच्या जादा वाटेमुळे असू शकतं. तरुणांत ते दिसतं, मधल्या काळातला ईसीजी बहुतेकदा नॉर्मल येतो, आणि त्यावर चांगला इलाज आहे. अशा वेळी घरी न थांबता धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढून घ्या, आणि तो कागद जपून ठेवा.