एअर फ्रायरमध्ये रिसॉइस, बटाटा चॉप आणि भरलेल्या मिरच्या कुरकुरीत कशा करायच्या?

तुम्ही लिहिलंय की मडगावला राहायला आल्यापासून बेकरीतले रिसॉइस (सारण भरून, चुऱ्यात घोळवून तळलेल्या अर्धचंद्राच्या आकाराच्या करंज्या) आणि चॉप (सारण भरलेल्या बटाट्याच्या टिक्क्या) आवडायला लागले, म्हणून नव्या एअर फ्रायरमध्ये ते आणि भरलेल्या मिरच्या करून पाहिल्या. पण वरून पांढरट, कोरडं आणि आतून ओलसर असं काहीतरी निघालं. आता पाहुणे यायचेत, तर तापमान २०० च्या वर न्यावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

नेऊ नका. त्याने कडा करपतील आणि मधला भाग तसाच राहील. या यंत्रात कुरकुरीतपणा तयार होत नाही, तो आपण ओट्यावर तयार करून आत ठेवायचा असतो. एवढं धरून चाललात तर बाकी सगळं सोपं आहे.

कढईत पदार्थ सोडला की तेल त्याच्या प्रत्येक खाचेत शिरतं. तेल १७०-१८० अंशांवर असतं, त्यामुळे वरच्या थरातलं पाणी लगेच वाफ होऊन बाहेर पडतं. कढईत दिसणारे बुडबुडे त्या वाफेचेच असतात. एअर फ्रायर म्हणजे पंखा असलेला छोटा ओव्हन. फिलिप्सने २०१० मध्ये हे यंत्र बाजारात आणलं, त्यानंतर कितीतरी कंपन्या आल्या, पण रचना तीच आहे: वर तापणारी कॉइल, तिच्याजवळ पंखा, खाली जाळीची टोपली. गरम हवा तेलाइतक्या झपाट्याने उष्णता देऊ शकत नाही. वरचा थर पूर्ण सुकल्याशिवाय त्याला तांबूस रंग चढत नाही, आणि सारणातून सतत ओल येत राहिली तर तो थर सुकणार कसा?

म्हणून आधी सारण. ते पूर्ण शिजलेलं, घट्ट आणि गार हवं. सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं सारण असेल तर सुंगटं बारीक चिरून कांदा-मिरचीबरोबर परता, सुटलेलं पाणी मोठ्या आचेवर आटवा, मगच मैदा आणि दूध घाला. कढईच्या तळावरून चमचा ओढल्यावर पडलेली वाट लगेच भरून आली नाही, म्हणजे सारण झालं. मग ताटात पसरून गार करा. गरम सारण भरलं की आतल्या आत वाफ धरते आणि पारी तिथेच मऊ पडते. रेचाद मसाला (लाल मिरच्यांचा वाटलेला गोवन मसाला) घालायचा असेल तर फार जपून, कारण त्यात माडाचं व्हिनेगर असतं आणि साखरही. व्हिनेगरची ओल परतून घालवावी लागते, आणि साखर पारीबाहेर आली तर काळी पडते.

रिसॉइसची पारी मोदकाच्या उकडीसारखीच काढायची, फक्त तांदळाच्या पिठाऐवजी मैदा. एक वाटी पाण्यात मीठ आणि चमचाभर लोणी घालून उकळी आणा, वाटीभर मैदा एकदम ओता, गोळा कढई सोडेपर्यंत घोटा आणि कोमट असतानाच मळा. पाण्याऐवजी सुंगटांच्या सालांचं उकळून गाळलेलं पाणी घेतलंत तर चव कितीतरी वर जाते. साली टाकून देणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. पारी पातळ लाटा, सारण कमी भरा, अर्धचंद्राची कड नीट दाबा. कड उघडी राहिली की सारण बाहेर येऊन टोपलीला चिकटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वरचं आवरण. तुमच्या वर्णनावरून तुम्ही कच्चा ब्रेडक्रम किंवा कोरडा रवा लावला असावा. माशाला लावतो तसा रवा कढईत किंवा तव्यावर छान होतो, कारण तिथे त्याला तेल मिळतं. एअर फ्रायरमध्ये तो पांढरा आणि दाताखाली खरखरीत राहतो. त्यापेक्षा पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, आदल्या दिवशीचे उंडे (गोल पाव) घ्या, तुकडे करून सुकवा आणि मिक्सरमध्ये जाडसर फिरवा. फार बारीक पूड नको. दोन वाट्या चुऱ्याला दोन मोठे चमचे तेल चोळा आणि मंद आचेवर फिकट सोनेरी होईपर्यंत परता. रंग आणि तेल दोन्ही इथेच मिळालं, म्हणजे यंत्राला फक्त शेवटचा हात फिरवायचा उरतो. पोय हा पाव मात्र या कामाला घेऊ नका. त्यात कोंडा असतो, त्यामुळे चुरा कुरकुरीत होण्याआधीच काळपट दिसतो.

तेल रिफाइंड किंवा शेंगदाण्याचं घ्या. आपल्याकडे घाण्याचं खोबरेल हाताशी असतं, पण ते साधारण १७५ अंशांनाच धुरकटायला लागतं आणि आपल्याला तर १९० वर काम करायचंय. खोबरेलाचा वास हवाच असेल तर तो सारणात आणा.

लावायचा क्रम असा: आधी कोरड्या मैद्यात घोळवा, मग फेटलेल्या अंड्यात, मग परतलेल्या चुऱ्यात, आणि हलक्या हाताने दाबा. सोमवारी किंवा श्रावणात अंडं चालत नसेल तर मैदा आणि कॉर्नफ्लोअरची पातळसर पेस्ट करा, चुरा तितकाच पक्का बसतो. मग अर्धा तास फ्रिजमध्ये उघडेच ठेवा.

यंत्र पाच मिनिटं रिकामं तापवा. रिसॉइस एकमेकांना न चिकटवता एकाच थरात ठेवा, १९० अंशांवर बारा मिनिटांच्या आसपास, आणि मध्ये एकदा उलटा. प्रत्येक यंत्राचा स्वभाव वेगळा, म्हणून नवव्या मिनिटापासून डोकावत राहा. टोपलीत बेकिंग पेपर अंथरू नका, खालून हवा अडते आणि बूड ओलं राहतं. जाळीवर ब्रशने तेलाचा हात पुरेसा आहे. डब्यातला तेलाचा स्प्रे मात्र नॉनस्टिक टोपलीवर वापरू नका, त्यातल्या इतर घटकांचा चिकट थर बसतो आणि तो घासूनही निघत नाही.

बटाटा चॉपची पद्धत हीच, फक्त बटाट्याकडे लक्ष द्या. नवा बटाटा चिकट आणि पाणीदार असतो, त्यामुळे जुना घ्या, सालासकट उकडा, गरम असतानाच कुस्करा आणि वाफ जाऊ द्या. आत खिमा, सुंगटं, मटार-गाजर, काहीही चालतं. चॉप चपटे करा. जाड केले तर वरचं आवरण तयार होतं आणि मध्ये गारच राहतं.

मिरचीचं वेगळं आहे. बेसनात बुडवलेली, पावाबरोबर खायची मिरची भजी या यंत्रात होतच नाही. पातळ पीठ घट्ट व्हायच्या आधी जाळीतून खाली गळतं. ती तळूनच खावी असं माझं ठाम मत आहे. भरलेली मिरची करायची असेल तर भज्यांची मोठी, पोपटी मिरची उभी चिरून दोन होड्या करा, बिया काढा, आतून मीठ चोळून दहा मिनिटं पालथ्या ठेवा आणि पुसून कोरड्या करा. मिरचीच्या गुळगुळीत सालीवर चुरा टिकत नाही, म्हणून सगळीकडे लावायच्या भानगडीत पडू नका. बटाटा, ओलं खोबरं, लिंबू असं कोरडं सारण भरून फक्त उघड्या बाजूवर चुरा दाबा. १८० अंशांवर आठ-नऊ मिनिटं. साल मऊ आणि थोडी भाजलेली, वरचा थर कुरकुरीत. मला ही मिरची भज्यापेक्षा वेगळा पदार्थ म्हणून मनापासून आवडते.

नेवऱ्यांबद्दल, म्हणजे गोड करंज्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण चवथ (गणेश चतुर्थी) आली की कोणीतरी सुचवेलच. तूप लावून त्या यंत्रात भाजता येतात, पण कढईत पारीला येतात ते बारीक फोड येत नाहीत. नैवेद्याच्या नेवऱ्या मी तळूनच करते.

पाहुण्यांसाठी एक नियोजन सांगते, कारण गोव्यातला दमटपणा इथे तुमच्या विरुद्ध आहे. जूनपासून पाऊस धरला की कुरकुरीत पदार्थ उघड्यावर थोड्याच वेळात मऊ पडतो. रिसॉइस आदल्या दिवशी चुऱ्यात घोळवून डब्यात एका थरात फ्रीझरमध्ये ठेवा. पाहुणे बसले की पहिला घाणा लावा, तो संपत आला की दुसरा. फ्रीझरमधले थेट टोपलीत घालायचे, फक्त १८० अंशांवर तीन-चार मिनिटं जास्त. काढल्यावर ताटात रचू नका, जाळीवर ठेवा, नाहीतर स्वतःच्याच वाफेने बुडं ओली होतात. मऊ पडलेच तर १८० वर तीन मिनिटं पुन्हा फिरवा. आणि वीज गेली तर हे यंत्र इन्व्हर्टरवर लावू नका. त्याला १४००-१५०० वॉट लागतात, साधा घरगुती इन्व्हर्टर तेवढा भार घेत नाही. अशा वेळी थोडं तेल घालून तवा गॅसवर ठेवा. परतलेला चुरा लावलेले चॉप तव्यावरही उत्तम होतात.