सातव्या डिफेन्समनचे बाबा

पत्र खूप मोठं आहे, म्हणून बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. कॅनडातून, मिसिसागाहून एका बाबांनी लिहिलंय, मूळचे दादरचे, आयटीत आहेत. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत, ओंटारिओ हॉकी लीगमधल्या (ओएचएल) एका टीममध्ये डिफेन्समन, म्हणजे बर्फावरची हॉकी, आपली मैदानावरची नाही. घरापासून तीन तासांवरच्या गावात बिलेट फॅमिलीकडे, म्हणजे खेळाडूंना घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबाकडे राहतो, टीमच मुलांची अशी सोय लावून देते. दुसरा सीझन चालू आहे आणि टीममधली जागा पक्की नाहीये. कधी खेळवतात, कधी फिट असूनही बाहेर बसवतात. बाबांचे प्रश्न असे की ट्रेड (दुसऱ्या टीममध्ये बदली) मागायला सांगू का, कोचला ईमेल लिहू का, सगळं सोडून वॉटर्लू युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगच्या मागे लागायला सांगू का, आणि ओएचएल खेळल्यामुळे अमेरिकन कॉलेजचा रस्ता कायमचा बंद झाला ही आमची चूक झाली का.

नमस्कार.

तुमच्या प्रश्नांकडे येते, पण आधी तुमच्या एक्सेल शीटबद्दल बोलू, कारण ती तुम्ही पत्राला जोडली आहे आणि मी ती पूर्ण बघितली. प्रत्येक मॅचला मुलगा किती मिनिटं बर्फावर होता, किती शिफ्ट (बर्फावर उतरायच्या पाळ्या) मिळाल्या, पक (हॉकीची चकती) किती वेळा गमावला, तो बर्फावर असताना समोरच्यांनी किती गोल केले, आणि शेवटचा कॉलम लाल रंगात, ‘चुका’. मॅच संपली की तुम्ही त्याला जेवायला नेता आणि तिथे टेबलवर लॅपटॉप उघडून हे दाखवता, असं तुम्हीच लिहिलंय, आणि अभिमानाने लिहिलंय. एका शनिवारी तर तो लाइनअपमध्येच नव्हता, तरी तुम्ही तीन तास गाडी चालवत गेलात आणि त्याच्या जागी जो मुलगा खेळला त्याची मिनिटं लिहून आणलीत! हे वाचून मी जरा थांबले, खरं सांगते.

आणि पत्राच्या शेवटी तुमच्या मिसेसनी दोन ओळी घातल्यात, की हल्ली तो मॅचनंतर फोन उचलत नाही, मेसेजला फक्त हो-नाही करतो. मला तर त्या दोन ओळीच खरं पत्र वाटल्या. बाकीच्या तीन पानांत गणितातले ७८ आहेत, कोचचा स्वभाव आहे, एनएचएलच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या प्रो लीगच्या, सेंट्रल स्काउटिंगच्या यादीत नाव नाही हे आहे, तुम्ही कांगा लीगला बारावा खेळाडू म्हणून बसायचात ते आहे. त्याला स्वतःला काय वाटतं याचं एकही वाक्य नाही. परत वाचून बघा, खरंच नाही.

कांगा लीगचं तुम्ही लिहिलंत म्हणून तेवढं बोलते. बारावा खेळाडू निदान पांढऱ्या कपड्यांत असतो, पाणी घेऊन आत जातो, कुणी लंगडत बाहेर आला तर फिल्डिंगला उतरतो. हॉकीत स्क्रॅच झालेल्या, म्हणजे त्या मॅचमधून वगळलेल्या मुलाच्या अंगावर टीमचे कपडेच नसतात. टीमला मॅचमध्ये साधारण सहाच डिफेन्समन लागतात, तीन जोड्या. सातवा सकाळच्या सरावाला बाकीच्यांबरोबर उतरतो, मग ज्यांची मॅच आहे ते लवकर आत जातात आणि याला थांबवून एक्स्ट्रा स्केटिंग करवतात, कारण याला आज पाय वाचवून ठेवायचे नसतात ना. संध्याकाळी सूट घालून वर स्टँडमध्ये बसायचं. त्यानंतर समोर लॅपटॉप. तुम्हाला बारावा असण्याची खंत माहिती आहे असं तुम्ही म्हणता, ती खरीही असेल, पण ती तुमची आहे. त्याची काय आहे ते अजून आपल्याला कुणालाच माहीत नाही.

आता त्या लाल कॉलमचं. मी कोच नाही, पण इकडे खेळणारी मुलं असलेल्या बऱ्याच घरांशी बोलते म्हणून एवढं समजतं. ज्याची जागा पक्की नाही तो डिफेन्समन कसा खेळतो माहितीये का, तर घाबरून. आपल्या झोनमध्ये कोपऱ्यात पक मिळाला, समोरून दोघं अंगावर येतायत, अशा वेळी मान वर करून एक सरळ पास दिला तर आपली टीम पुढे जाते. पण तो पास चुकला तर गोल, आणि गोल झाला की बेंचवर. मग तो काय करतो, पक काचेवर आपटून बाहेर काढतो. त्यात चूक दिसत नाही. पक मात्र परत समोरच्यांकडे जातो. असं प्रत्येक शिफ्टला केलं की कोच म्हणतो याला पक खेळवता येत नाही, आणि तो सातवा तो सातवाच राहतो. तुमच्याच शीटमध्ये बघा, ऑक्टोबरनंतर त्याच्या ‘चुका’ कमी झाल्यात आणि मिनिटंही कमी झालीत, तुम्ही ते कोचचा अन्याय म्हणून लिहिलंय. मला तर दिसतंय की मुलगा तुमचा कॉलम रिकामा ठेवायला खेळतोय.

ती शीट बंद करा. ‘थोडे दिवस’ नाही, बंदच. मॅचनंतर जेवायला न्या, जेवा, परत सोडा. हॉकीचा विषय त्याने काढला तर बोला, नाही काढला तर नाही.

ट्रेडचं म्हणाल तर ते मागायचं की नाही हे त्याने आणि त्याच्या एजंटने ठरवायचं. जानेवारीत डेडलाइन असते म्हणून तुमची घाई समजते, पण बापाने मॅनेजरला फोन करून मागितलेला ट्रेड मुलाच्या नावावर चिकटतो. स्क्रॅच होण्याची कारणंही दरवेळी खराब खेळच असतात असं नाही. डाव्या हाताच्या डिफेन्समनची गर्दी असते, उजव्या हाताचे कमी, कोच लोकांना जोडीत एक-एक हवा असतो, आणि तुमचा डावखुरा आहे. कधीकधी कोच अकरा फॉरवर्ड आणि सात डिफेन्समन उतरवतात, तेव्हा याला पाच-सहा मिनिटं मिळतात. त्या मिनिटांत पेनल्टी किलवर, म्हणजे शिक्षेमुळे आपला एक खेळाडू कमी असताना, एक शॉट अंगावर घेतला तर तो दिसतो. हे त्याला कोचनेच सांगितलं असणार, त्याने तुम्हाला सांगितलं नसेल एवढंच.

तुमच्या पत्रातला एक गैरसमज मात्र नीट दुरुस्त करते, कारण त्यावरून तुमच्या घरात भांडण झालंय आणि तुम्ही मिसेसना दोष दिलाय की ओएचएलला तूच हो म्हणालीस. ओएचएल खेळलं की अमेरिकन कॉलेज हॉकी बंद, हे कित्येक वर्षं अगदी खरं होतं. ओएचएल, वेस्टर्न लीग आणि क्विबेकची लीग, या तिन्ही लीगमध्ये मुलांना थोडेफार पैसे मिळतात आणि एनएचएलशी करार केलेली मुलंही खेळतात, म्हणून एनसीएए, म्हणजे अमेरिकन कॉलेजच्या खेळांची संस्था, त्यांना प्रोफेशनल धरायची. मुलगा सोळाव्या वर्षी तिकडे गेला की कॉलेज विसरा, असं तुमच्या रिंकवरच्या प्रत्येक पालकाने तुम्हाला सांगितलं असेल, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने हा नियम बदलला, १ ऑगस्ट २०२५ पासून या लीगमधली मुलं डिव्हिजन १ ला, म्हणजे कॉलेज हॉकीच्या सगळ्यात वरच्या पातळीवर खेळू शकतात. वेस्टर्न लीगमधला गॅव्हिन मॅकेना, ज्याच्यामागे सगळे स्काउट लागले होते, तो मेडिसिन हॅट सोडून थेट पेन स्टेटला गेला. म्हणजे दार उघडं आहे. पण लगेच पेढे वाटू नका, कारण ते सगळ्यांनाच उघडं आहे. आता त्याच कॉलेजच्या त्याच सहा जागांसाठी तीन लीगमधले एकोणीस-वीस वर्षांचे तयार डिफेन्समन रांगेत आहेत, आणि तुमचा मुलगा आज स्वतःच्या टीममध्ये सातवा आहे. शिवाय नववी ते बारावीमधले १६ कोअर कोर्स आणि त्यात किमान २.३ जीपीए लागतो, हे बसतं की नाही ते शाळेच्या काउन्सेलरकडून आजच तपासून घ्या. मिसेसना सॉरी म्हणा, ते वेगळं.

बाकीचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत. वॉटर्लू इंजिनिअरिंगला कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री लागणार आणि ७८ वर ते अवघड आहे. कॅनडातल्या युनिव्हर्सिटी हॉकीत, यू स्पोर्ट्समध्ये, ओएचएलची मुलं भरपूर असतात. ओएचएलच्या स्कॉलरशिपचा साधारण हिशोब एका सीझनमागे एका वर्षाची फी असा असतो, तुमच्या करारात मुदतीची आणि प्रो करार केल्यास काय होतं याची कलमं असतील, ती वाचा, तुम्ही त्यावर एक अक्षर लिहिलेलं नाही याचं मला आश्चर्य वाटलं. ड्राफ्टचं, म्हणजे एनएचएल टीम मुलं निवडतात त्याचं, एवढं डोक्यात घेऊ नका, वीस वर्षांचा होईपर्यंत नाव परत येऊ शकतं, आणि मार्क जिओर्डानोला तर कुणीच ड्राफ्ट केलं नव्हतं, तो २०१९ ला एनएचएलचा सर्वोत्तम डिफेन्समन ठरला.

जिओर्डानो लाखात एक असतो. मला तुमच्यासाठी जस्टिन हॉल जास्त बरोबर वाटतो, टोरांटोजवळ राहता म्हणजे नाव ऐकलं असेलच. २०१० ला शिकागोने दुसऱ्या राउंडला निवडला, त्यांच्याकडून एनएचएलमध्ये कधी खेळलाच नाही. मिनेसोटाला चार वर्षं कॉलेज, मग ईसीएचएल, मग एएचएल, या एनएचएलच्या खालच्या प्रो लीग. २०१८ ला मेपल लीफ्सकडून पहिल्या दोन मॅच मिळाल्या, दोन्हीत गोल केला. पुढच्या पूर्ण सीझनला टीमबरोबर होता, ८२ पैकी ११ मॅच खेळला. खाली एएचएलला पाठवायचा तर वेव्हर्सवरून (खाली पाठवताना बाकीच्या टीमना त्याला घ्यायची संधी मिळते) दुसरी टीम उचलेल अशी भीती, आणि वर खेळवत तर नाहीत, म्हणून बसवून ठेवला. त्याच्या पुढच्या सीझनला तो रोजचा खेळाडू झाला आणि त्याच सीझनच्या मध्यावर तीन वर्षांचा करार मिळाला, वर्षाला २० लाख डॉलर. ही गोष्ट मुलाला ऐकवायला सांगत नाहीये, प्लीज ऐकवू नका, तुम्ही ती पण शीटमध्ये टाकाल. हे तुमच्यासाठी आहे. अकरा मॅचचं ते वर्ष सुरू असताना पुढे काय होणार हे हॉललाही माहीत नव्हतं आणि त्याच्या कोचलाही नाही. या खेळात जागेची अनिश्चितता शेवटपर्यंत जात नाही, एनएचएलमध्येही २३ जणांच्या रोस्टरमध्ये एक-दोन डिफेन्समन वर बसलेलेच असतात. तिच्यासकट खेळायचंय की नाही हे ज्याला खेळायचंय त्यालाच विचारावं लागतं.

म्हणून हॉकी की इंजिनिअरिंग याचं उत्तर मी तुम्हाला देत नाहीये. मुलाला सांगा, वाटलं तर मला लिही, मराठीत नको असेल तर इंग्लिशमध्ये लिही, आणि तुम्ही ते आधी वाचू नका. त्याने लिहिलं की मला सोडायचंय, तर ते ऐकायची तयारी ठेवा. त्याने लिहिलं की सातवा तर सातवा, मला अजून एक वर्ष द्या, तर त्याचीही ठेवा, आणि मला वाटतं हे तुम्हाला जास्त जड जाईल. तोवर ओंटारिओच्या युनिव्हर्सिटीचे फॉर्म १५ जानेवारीच्या आत भरले गेले पाहिजेत, कारण हॉकी चालू ठेवली तरी अर्ज केल्याने काही बिघडत नाही. फॉर्म त्याला भरू द्या, पासवर्ड मागू नका.

आणि कोचला लिहिलेला जो ईमेल तुम्ही मला तपासायला पाठवलाय तो डिलीट करा. चौथ्या पॅराग्राफमध्ये तुम्ही दुसऱ्या मुलाचं नाव घेऊन त्याच्या चुका मोजून दाखवल्यात. तो तुमच्या मुलाचा रूममेट आहे, हे तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिलंय.