जपानीत पैसे मागाचे कसे?

प्रश्न : ताई, मी दारव्ह्याकडच्या खेड्यातली, जपानले केअरगिव्हरच्या कामासाठी जायची तयारी करून राहिली. पैशाले 'ओकाने' म्हणतात हे पाठ झालं, पण वाक्यात बसवता येत नाही, काय करू?

उत्तर : अगं, वाक्याची चाल आपल्यासारखीच हाय, क्रियापद शेवटी, त्यामुळं घाबराचं काम नाही. पैसे नाहीत म्हणजे 'ओकाने गा आरिमासेन', अन् पैसे भरते, काढते असं काही असलं की 'गा' जाऊन 'ओ' येते, जसं 'ओकाने ओ हाराइमासु' म्हणजे पैसे भरते, एटीएममधून काढले तर 'ओकाने ओ ओरोशिमाशिता'. खरी गडबड उसनवारीत होते बाप्पा, 'कारिमासु' म्हणजे उसने घेणं अन् 'काशिमासु' म्हणजे उसने देणं, उलटं बोललीस तर रूममेटच तुझ्यासमोर हात पसरेल! दुकानात भाव विचाराले 'ओकाने' लागतच नाही, 'इकुरा देसु का' बस झालं. 'ओकाने'तला पुढचा 'ओ' मात्र खाऊ नको, नुसतं 'काने' लय रांगडं वाटते. अन् तिथं लाख नाही, 10,000 चा 'मान' चालते, आपले 1 लाख म्हणजे त्याईचे 'जूमान'.