सूत्रं पाठ करून घेऊ नका, आधी कूलरची ताटी दाखवा

तुमची मुलगी नववीत आहे, तिरकस गुणाकार, म्हणजे एकाच्या प्रभाराचा आकडा दुसऱ्याच्या खाली लिहायचा नियम, बरोबर करते, तरी कॅल्शियम कार्बोनेटचं रेणुसूत्र ‘सीए२(सीओ३)२’ लिहून आली आणि गुण गेले. आता सगळी सूत्रं पाठच करून घ्यावीत का, असं तुम्ही विचारलंय. नका करून घेऊ. मी नागपुरात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. ही चूक नियम मन लावून पाळणारी मुलंच करतात.

आमच्याकडे उन्हाळाभर बोअरच्या पाण्यावर कूलर चालतो. जून लागेपर्यंत ताटीतलं गवत पांढरं आणि कडक होऊन बसतं. तो थर बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. त्यातली एक काडी मोडून तिच्यावर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे येतात. तो कार्बन डायऑक्साइड.

आता हिशोब. कॅल्शियम बाहेरच्या कवचातले दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकतं, त्याच्यावर दोन धन प्रभार येतात. कार्बोनेटवर दोन ऋण. एकाला एक पुरतो, बेरीज शून्य, म्हणून सूत्र सीएसीओ३. तिरकस गुणाकार म्हणजे या शून्याकडे जायची जवळची वाट, एवढंच. दोन-दोन आले की भागायचं, कारण त्या थरात सुटे रेणू नसतातच. आयनांना, म्हणजे अशा प्रभार असलेल्या कणांना, आयन चिकटून रचलेले असतात आणि सूत्र फक्त त्यांचं प्रमाण सांगतं.

हेच कॅल्शियम पाण्यात विरघळलेलं असताना जोडीला बायकार्बोनेट असतं. त्यावर एकच ऋण प्रभार, म्हणून दोन लागतात: सीए(एचसीओ३)२. पाणी उडून जाताना यातूनच पाणी आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, मागे पांढरा थर उरतो. इथला कंस विसरला, तर ऑक्सिजन ३२ वाचले जातात! हे तिला वहीत एकदा लिहूनच दाखवा.

भागायची सवय मात्र सगळीकडे चालत नाही. जखमेवर फेसाळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणजे एच२ओ२. तिथे इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले असतात, सहसंयुज बंध असतो, दोन ऑक्सिजन एकमेकांना धरून असतात आणि चार अणूंचा रेणू खरोखर असतो. भागून ‘एचओ’ केलं की तो पदार्थच राहत नाही.

मूलकांचे, म्हणजे कार्बोनेटसारख्या प्रभार असलेल्या अणुगटांचे, प्रभार तेवढे पाठ हवेत: नायट्रेट एक, सल्फेट दोन, फॉस्फेट तीन, अमोनियम एक पण धन. मग तुरटीतलं ॲल्युमिनियम सल्फेट तिला स्वतः मांडू द्या. ॲल्युमिनियमवर तीन, सल्फेटवर दोन. मेळ सहावर बसतो.