साताऱ्यातून आपत्कालीन विभागातील परिचारिका होण्याचा मार्ग

बारावी शास्त्र शाखेनंतर थेट अपघात विभागात काम करता येते का, असे आपण विचारले आहे. तसे करता येत नाही. प्रथम चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग किंवा तीन वर्षांचे जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्येची पदविका) पूर्ण करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. त्यानंतर आपत्कालीन व आपत्ती परिचर्येची एक वर्षाची पदविका घेता येते, परंतु माझ्या मते त्याआधी एखाद्या मोठ्या रुग्णालयात रात्रपाळीसह काम करावे, कारण एकाच वेळी आलेल्या रुग्णांपैकी आधी कोणाकडे धावायचे, हे वर्गात पुरते उमगत नाही. पुणे-बंगळुरू महामार्ग साताऱ्यावरून जात असल्याने अपघातग्रस्त येतातच. सर्पदंशाचे रुग्णही, विशेषतः पावसाळ्यात.