सयाजीरावांच्या बडोद्यात आंबेडकरांना राहायला जागा का मिळाली नाही?

तुम्ही विचारलंय की इतका पुरोगामी राजा गादीवर असताना बाबासाहेबांना बडोदं सोडावं का लागलं, आणि मग त्या सुधारणा नुसत्या कागदावरच होत्या का. आमचं घराणं पिढ्यान्पिढ्या बडोद्याच्या दांडिया बाजारातलं, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे.

सुधारणा खऱ्या होत्या. 1882 च्या सुमारास अंत्यजांसाठी, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी, सरकारी शाळा निघाल्या. तिथे शिकवायला सवर्ण मास्तर तयार होईनात, म्हणून मुसलमान आणि आर्यसमाजी शिक्षक नेमले गेले. 1906 मध्ये प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचं आणि मोफत झालं. 1913 साली भीमरावांना अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात जायला शिष्यवृत्ती मिळाली ती इथूनच, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. शाळा काढणं, शिष्यवृत्ती देणं, नोकरीवर घेणं हे महाराजांच्या सहीने होत होतं. भाड्याची खोली मात्र घरमालकाच्या हातात होती, आणि हुकूम राबवणारे कारकून, अंमलदारही त्याच घरमालकांच्या आळीत राहत होते.

1917 मध्ये ते शिष्यवृत्तीच्या करारानुसार संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. हिंदू खानावळीत जागा मिळणार नव्हती. एका पारशी धर्मशाळेत रोज दीड रुपया देऊन, वहीत पारशी नाव लिहून ते राहिले. वरच्या मजल्यावर दुसरं कुणी नाही, अडगळीचं सामान आणि अंधार. सरकारी बंगल्यासाठी दिवाणांकडे अर्ज केला होता, तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर चिडलेले पारशी लाठ्या घेऊन दारात आले. एका हिंदू मित्राकडे गेले, तर तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर सोडून जातील. ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारून सांगतो म्हटलं. शेवटी कमाटीबाग या सार्वजनिक बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मला यात सगळ्यात जास्त छळतो तो हा हिंदू मित्र. लाठी त्याच्या हातात नव्हती. तो सुशिक्षित होता, सभ्य होता, आणि दार त्यानेही उघडलं नाही.

असे सभ्य लोक आजही भेटतात. नागपूरहून बदलून आलेल्या एका सहकाऱ्यासाठी मी बडोद्यातच कारेलीबागेकडे फ्लॅट बघत होतो. दोघं नवराबायको इंजिनियर, पगार उत्तम. मालकीणबाई मराठीच. चहा झाला, भाडं ठरलं, आणि मग आवाज खाली आणून त्यांनी मला विचारलं, "आपल्यातलेच ना?" मी म्हटलं, "बौद्ध आहेत." दोन तासांत दलालाचा फोन आला की बाईंचा भाचा राहायला येतोय. तो फ्लॅट पुढे कितीतरी दिवस रिकामाच होता.

संविधानाच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली, पण खाजगी मालकाने असा भाचा पुढे केला की सिद्ध काय करणार? शिवाय 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सहकारी सोसायटीला सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवता येतं असं मान्य केलं. तो निकाल अस्पृश्यतेबद्दल नव्हता, तरी त्याच्या आडोशाला कोण जाऊन उभं राहील हे वेगळं सांगायला नको. ही फट कायद्यानेच बुजवायला हवी, आणि ती मागणी फक्त दलितांनी करत राहायची हे मला लाजिरवाणं वाटतं.

आमच्या सोसायटीत भाडेकरूच्या फॉर्मवर 'समाज' असा एक रकाना आहे. तो काढून टाका असं मी लेखी दिलंय. कमिटीने विषय पुढे ढकलला. आता तो वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर आहे, आणि मी तो मागे घेणार नाही.