हेल्मेट घालून प्रवाळांत: पोहता न येणाऱ्यांचे प्रश्न

डोक्यावर मोठे हेल्मेट चढवून समुद्राच्या तळावर चालायचे, या प्रकाराला अंदमानात ‘सी वॉक’ म्हणतात. गेल्या अंकात त्याचा ओझरता उल्लेख आला आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीहून पत्रे आली. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

मला अजिबात पोहता येत नाही. वय ५६, चष्मा आहे. मुलगा डिसेंबरात अंदमानला नेतोय आणि ‘आई, तू पण उतरायचंच’ म्हणतोय. हेल्मेट खालून उघडं असतं म्हणे! मग नाकातोंडात पाणी कसं जात नाही?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

आधी घरी करून बघा. काचेच्या ग्लासात तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवा, ग्लास उपडा करा आणि पाण्याने भरलेल्या बादलीत सरळ खाली दाबा. बोळा कोरडाच राहील, कारण आतली हवा पाण्याला वर येऊ देत नाही. आता ग्लास थोडा तिरका करा. भसकन बुडबुडा सुटेल आणि तेवढे पाणी आत शिरेल.

हेल्मेटचे सगळे काम या दोन गोष्टींत आले. ते खांद्यांवर नुसते ठेवलेले असते, कुठे बांधत नाहीत. बोटीवरचा कॉम्प्रेसर नळीतून सतत हवा पाठवतो आणि जादा हवा खालच्या कडेने बुडबुडे होऊन निघून जाते. पाणी हनुवटीच्या खालीच थांबते. केस भिजत नाहीत, चष्मा चालतो (मागे दोरी लावून घ्या), आणि श्वास नाकाने, नेहमीसारखाच घ्यायचा.

वजनाची धास्ती नको. हेल्मेट जमिनीवर तीसेक किलोचे किंवा त्याहूनही जड असते, म्हणून ते बोटीवर घालतच नाहीत. तुम्ही शिडीवरून गळ्याइतक्या पाण्यात उतरता, मग वरून ते खांद्यांवर ठेवतात. आतली एकेक लिटर हवा साधारण एकेक किलो वजन उचलून धरते, त्यामुळे पाण्यात खांद्यांवर चारपाच किलोच भार जाणवतो. एवढा भार लागतोच, नाहीतर पाय तळावर टेकणार नाहीत.

खोली बहुतेक ठिकाणी ५ ते ७ मीटर असते आणि तळावरचा वेळ पंधरा-वीस मिनिटे. सोबत डायव्हर असतो आणि बऱ्याच ठिकाणी धरून चालायला कठडाही असतो. चालताना अंग किंचित पुढे झुकवा, पाऊल सावकाश टाका. पाणी घाई करू देत नाही. फक्त मान वाकवू नका. पायाखाली बघायला मान खाली घालायची आपली सवय तिथे नडते, कारण हेल्मेट तिरके झाले की बादलीतल्या ग्लासासारखीच गत होते. खाली बघायचे असेल तर मान ताठ ठेवून गुडघे वाकवा. हातातली वस्तू पडली तर पडू द्या, डायव्हर उचलेल. चुकून पाणी ओठांपर्यंत आलेच तर नुसते सरळ उभे राहा. वरून येणारी हवा ते पुन्हा खाली ढकलते.

मी मलप्रभेत आणि शेतातल्या विहिरीत लहानपणापासून सूर मारतो. तळ गाठताना कान दुखतात, पण मी सहन करतो. मला या हेल्मेटमध्ये काय शिकायचं राहिलंय?
— एक वाचक, खानापूर

दोन गोष्टी राहिल्यात, आणि दोन्ही पोहता येणाऱ्यालाच जास्त अवघड जातात.

पहिली, कान. बेळगावहून गोव्याला चोर्ला घाट उतरताना कानांना दडे बसतात, ते ठाऊकच असेल. तो अख्खा घाट उतरताना हवेचा दाब जेवढा वाढतो, तेवढा पाण्यात एक मीटर खाली जायच्या आधीच वाढलेला असतो. पाच मीटरवर दाब दीडपट होतो. कानाच्या पडद्यामागच्या पोकळीत नाकाच्या बाजूने हवा पोहोचली नाही तर पडदा आत ओढला जातो. ते दुखणे सहन करणे म्हणजे पडदा फाटायची वाट बघणे. म्हणून दुखायच्या आधीच कान मोकळे करायचे. हेल्मेट खालून उघडे असल्याने हात आत घालता येतो. नाक चिमटीत धरा, तोंड मिटा, हलकेच फुंका. कानात ‘टक्’ झाले की पुढची पायरी. गिळल्याने किंवा जबडा हलवल्यानेही काहींचे कान सुटतात. शिडीच्या दर पायरीला हे करा, कारण सगळ्यात मोठा फरक पहिल्या दोनतीन मीटरांतच पडतो. नाही सुटले तर जोर लावू नका, एक पायरी वर या आणि परत करा. तरीही नाही सुटले तर त्या दिवशी उतरायचे नाही.

सर्दी असताना नाकात औषधाचे थेंब टाकून उतरणारे असतात. थेंबांचा असर तळावर असतानाच ओसरला तर वर येताना आतली हवा कोंडते आणि उलट्या बाजूने दुखते. वर तर यावेच लागते, तेव्हा त्यातून सुटका नाही. पुढे एकदोन दिवस कान जड वाटला तर घरच्या सवयीने कोमट तेल सोडू नका. पडद्याला भोक असेल तर ते आत जाते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

दुसरी गोष्ट श्वासाची, आणि ही जिवाशी आहे. विहिरीत तुम्ही वरची हवा छातीत कोंडून खाली जाता. ती खाली दबते आणि वर येताना पुन्हा तेवढीच होते. हेल्मेटमध्ये मात्र तुम्ही खालच्या दाबाची हवा घेत असता. पाच मीटरवर छातीत ६ लिटर हवा भरून श्वास रोखला आणि वर आलात, तर ती पृष्ठभागावर ९ लिटर होऊ पाहते. फुफ्फुसात तेवढी जागा नाही. पट्टीचा पोहणारा घाबरला की हातून नेमके तेच होते: हेल्मेट झटकायचे, श्वास रोखायचा, पाय मारायचे. ती सवय बोटीवरच ठेवून उतरा. श्वास कधीच रोखायचा नाही. काही कारणाने हेल्मेटबाहेर यावे लागले तर वर जाताना तोंडाने सावकाश हवा सोडत राहायचे.

मालवणात हेच मिळतं का? अंदमान आमच्या खिशाला परवडत नाही.
— एक वाचक, निपाणी

मालवण-तारकर्लीला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास होते ते स्कूबा. त्यात नाक मास्कने बंद असते, श्वास तोंडातल्या नळीने घ्यायचा, आणि प्रशिक्षक तुम्हाला धरून नेतो. पोहता न येणाऱ्यांना नेतात, पण तोंडाने श्वास घेणे अनेकांना पहिल्यांदा जमत नाही. आधी कमरेइतक्या पाण्यात दहा मिनिटे सराव मागून घ्या. मुरुडेश्वरहून बोटीने नेत्राणी बेटाला जातात, तिथेही स्कूबाच. हेल्मेटचा प्रकार अंदमानात पोर्ट ब्लेअरजवळच्या (२०२४ पासून शहराचे नाव श्री विजयपुरम) नॉर्थ बेला आणि स्वराज द्वीपच्या (पूर्वीचे हॅवलॉक) एलिफंट बीचवर मिळतो.

शाळेची सहल न्यायची आहे. उतरवणारे लोक धड आहेत की नाहीत, हे आम्हा शिक्षकांना कसं कळणार?
— एक शिक्षक, चिकोडी

कॉम्प्रेसरपाशी जाऊन उभे राहा. त्याचे हवा खेचणारे तोंड इंजिनाच्या धुराड्यापासून लांब, वारा येतो त्या बाजूला हवे. धूर आत गेला तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू थेट मुलांच्या हेल्मेटमध्ये जातो. डिझेलचा वास आला की लगेच वर, हे मुलांना आधी सांगा. कॉम्प्रेसर बंद पडला तर काय, असे विचारा. लगेच चालू करता येणारी राखीव हवेची टाकी तिथेच दाखवता आली पाहिजे. नळी हेल्मेटला मिळते तिथे एकाच दिशेने उघडणारी झडप लागते. ती नसेल आणि नळी वर फुटली, तर हेल्मेटमधली हवा उलटी वर निघून जाते. प्रकृतीचा अर्ज न वाचताच सही घेणारे असतील तर मुलांना घेऊन परत या, पैसे गेले तरी चालतील.

खाली हवेच्या आवाजात बोललेले ऐकू येत नाही, सगळे हातानेच. इथे आपल्या मुलांची हमखास चूक होते. ‘मस्त!’ म्हणून अंगठा वर करतात, आणि डायव्हर त्यांना वर घेऊन येतो. कारण तिथे अंगठा म्हणजे ‘वर न्या’. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनीचे कडे करायचे. पंजा आडवा धरून डोलवला तर ‘काहीतरी गडबड’, मग जिथे त्रास आहे तिथे बोट. वर्गात आठवडाभर आधी घोटून घ्या.

दमा, फिट्स, हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, नुकतीच झालेली कानाची वा डोळ्याची शस्त्रक्रिया असेल तर उतरू नये, गरोदरपणातही नाही. किमान वय तिथेच विचारा. आणि मुले सर्दी लपवतात, कारण वर्ग ‘घाबरट’ म्हणेल. सकाळी प्रत्येकाला बाजूला घेऊन, एकट्याला विचारा.

आठवण म्हणून प्रवाळाचा एखादा तुकडा आणला तर चालेल का? आणि फोटो निळेच का येतात?
— एक वाचक, अथणी

नाही चालणार. खडक बांधणारी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्याच यादीत. तळावर मेलेला, पांढरा दिसणारा तुकडाही उचलू नका. दगडासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढते. म्हणजे ओंजळीएवढा गोळा तुमच्या शाळेत जाणाऱ्या मुलाच्या वयाचा असतो. एक चुकीचे पाऊल त्याला पुरते. वाळूवरूनच चाला आणि पाय घासू नका. उडालेली वाळू प्रवाळाच्या बारीक तोंडांवर बसते. मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकायला देतात, तो घेऊ नका. उन्हासाठी क्रीम थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा अंगरखा बरा, आणि पायात पाण्यातले बूट हवेतच. समुद्री साळू, म्हणजे तळावरचा काटेरी गोळ्यासारखा प्राणी, वाळूतही असतो.

फोटोचे म्हणाल तर पाणी तांबडा रंग सगळ्यात आधी शोषते. पाच मीटरवर लाल ओढणीही मातकट दिसते. सकाळी दहा ते दुपारी दोन, ऊन डोक्यावर असताना उतरा, आणि फोटो जवळून काढा. काचेतून सगळे असते त्यापेक्षा जवळ आणि मोठे दिसते: चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर वाटतो. हात पुढे गेला आणि मासा हाती आला नाही तर गोंधळू नका. हात तसाही मागेच ठेवा.

तारकर्लीत स्कूबा करून त्याच संध्याकाळी आंबोली घाट चढून बेळगाव गाठलं तर काही होतं का? विमानाचं ऐकलंय, घाटाचं कुणी सांगत नाही.
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

प्रश्न अगदी योग्य आहे. दाबाखाली रक्तात जादा नायट्रोजन विरघळतो आणि तो सावकाश बाहेर पडतो. तोवर उंचावर गेलात तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, आणि डायव्हिंगच्या नियमांत ३०० मीटरच्या वर चढणेही विचारात घेतात. पाच-सहा मीटरवरची एकच छोटी फेरी असेल तर नायट्रोजन फारच थोडा. जेवून, दोनचार तास थांबून निघालात तर काळजी नाही. दिवसभरात दोनतीन खोल फेऱ्या झाल्या असतील तर मात्र रात्र किनाऱ्यावर काढा आणि सकाळी घाट चढा. विमानासाठी स्कूबाच्या एका फेरीनंतर किमान १२ तास आणि अनेक फेऱ्यांनंतर १८ तास धरतात. अंदमानला जाणाऱ्यांनी सी वॉक सहलीच्या शेवटच्या दिवशी न ठेवता आधीच उरकावा.